हळदीकुंकवाचा पेन ड्राइव्ह

आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावला, तर काहीच होत नसे. खिडकी उघडत नसे, आवाज येत नसे, कोपऱ्यात चिन्हसुद्धा दिसत नसे. गिऱ्हाईक वाकून बघायचं आणि म्हणायचं, "मॅडम, मशिन मेलं की काय तुमचं?"

मेलेलं नव्हतं. तसं मीच करून ठेवलं होतं. त्या मशिनवर लिनक्स होतं आणि बाहेरून आलेली वस्तू आपोआप उघडायची त्याची सवय मी बंद केली होती. मालकांना ते पटलं नव्हतं. "लोकांच्या घरी लावलं की लगेच सगळं दिसतंय, आपल्यात मात्र तुम्ही काळ्या पडद्यावर टकटक केल्याशिवाय काय दिसत न्हाई," असं ते चारचौघांत म्हणायचे. मी ऐकून घ्यायचे, पण बदल करायचे नाही. नातेपुत्याकडच्या आमच्या गावातून, आमच्या घरातून, कॉलेजचं दार बघितलेली मी पहिली. कॉम्प्युटरची पदवी मी मार्कांच्या जिवावर घेतली, कुणाच्या चिठ्ठीवर नाही. त्यामुळं माझ्या कामात मला बरोबर वाटतं ते मी करते. याला कुणी गर्व म्हणत असेल तर म्हणू दे.

ऑफिस सोलापुरात, सात रस्त्याजवळ, पहिल्या मजल्यावर. काम जेकार्डच्या डिझाइनचं. चादरीवर, टॉवेलवर जी नक्षी विणली जाते, ती आधी कॉम्प्युटरवर ठिपक्या-ठिपक्यांनी भरायची. मग तिची फाईल पेन ड्राइव्हवर घालून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, न्यायची. लूमच्या पॅनेलला पेन ड्राइव्ह लावला की कुठला धागा वर उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा हे त्याला कळतं. पूर्वी यासाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळा असायच्या. आता बोटाएवढी वस्तू असते, आणि लोक ती शर्टच्या खिशात तंबाखूच्या पुडीशेजारी ठेवून आणतात.

मावशी मात्र तिची कनवटीला बांधून आणायची.

मावशी म्हणजे कांड्या भरणारी बाई. लूमच्या आडव्या धाग्यासाठी ज्या कांड्या लागतात, त्या भरण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. घरचं बोलणं तेलुगू, बाहेरचं मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम. दुसऱ्यांच्या नक्षीसाठी कांड्या भरता भरता तिच्या डोक्यात स्वतःची एक नक्षी तयार झाली होती. चिंचेचा पाला. मोर नाही, कमळ नाही, राजाराणी नाही. तिच्या दारातल्या चिंचेची बारीक बारीक पानं, कडेला दाट आणि मध्यावर वारा लागल्यासारखी विस्कटत गेलेली. उन्हाळाभर ती सुट्टीच्या दिवशी माझ्याशेजारी स्टुलावर बसायची आणि पडद्याला बोट लावून सांगायची, "हे पान झोपलंय की गं अम्मा. जागं कर."

नक्षी पूर्ण झाली त्या दिवशी तिनं मला दोन गोष्टी करायला लावल्या. फाईल तिच्या पेन ड्राइव्हवर घालायची, आणि आमच्या मशिनमधून तिच्यासमोर पुसायची. मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. सोलापुरात डिझाइन फुटायला वेळ लागत नाही. आज एकाच्या लूमवर चढलेली नक्षी पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या दुकानात घडी घालून ठेवलेली दिसते. आणि आमच्या मालकांबद्दल लोक काय बोलतात ते मावशीनंही ऐकलं होतं, मीही ऐकलं होतं. खरं-खोटं मी सांगत नाही. पण एखादी चांगली नक्षी पडद्यावर बघितली की त्यांचे डोळे तिथून हलत नसत, एवढं मी स्वतः पाहिलंय.

तर चिंचेचा पाला या जगात एकाच ठिकाणी उरला, मावशीच्या कनवटीला.

ज्या कारखान्यात ती काम करायची, तिथल्या लूम-मालकानं तिला शब्द दिला होता. दसऱ्याला कारखाना बंद असतो, तेवढा एक दिवस जेकार्डचा लूम तुझा. तुझी एक चादर काढ. दुसऱ्या दिवशी व्यापारी येणार आहे, आवडली तर पुढचं बघू. दसऱ्यानंतर लूमवर दिवाळीचा माल चढणार होता, आणि एकदा तो चढला की कांड्या भरणाऱ्या बाईसाठी लूम कोण मोकळा करतंय? जे व्हायचं ते त्या एका दिवसात व्हायला हवं होतं.

दसऱ्याच्या सकाळी मी खोलीवर पुरणाला डाळ शिजत घातली होती. मावशीचा फोन आला. आधी नुसतं "अय्यो, अय्यो" ऐकू आलं. मग एका पुरुषाचा आवाज आला, "बाई, मैं जॉबर बोलताऊं. मशिन इसकी पेन ड्राइव्ह नै लेरी. तुम ऑफिस खोलो, हम आरे."

जॉबर म्हणजे लूमची दुरुस्ती करणारा, लूम चालू-बंद करायचं काम ज्याच्या हातात. त्याला सगळे चाचा म्हणायचे. सण त्याचा नव्हता, म्हणून सुट्टीच्या दिवशी मावशीसाठी लूम चालवून द्यायला तो कबूल झाला होता. पण दुपारनंतर त्याला टेंभुर्णीला जायचं होतं, भाचीला बघायला पाहुणे येणार होते. मी डाळीखालचा गॅस बंद केला आणि निघाले.

ऑफिसची किल्ली माझ्याकडं असायची. दार उघडलं, मावशीनं कनवटीची गाठ सोडून पेन ड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला, आणि मी तो उजेडाकडं धरला.

त्याच्या लोखंडी तोंडात हळद होती. नुसती लागलेली नव्हती, ओली होऊन आत भरली होती आणि तिथंच वाळली होती. वर कुंकू. आत एक तांदूळसुद्धा अडकला होता.

"काल खंडेनवमी होती ना," मावशी म्हणाली. "हत्याराची पूजा केली."

"धुतला होता?"

"मग? पूजेला घाण ठेवतात होय? आधी धुतला, पुसला, मग मांडला. कांड्या, कात्री आणि हा."

चाचा दारातून म्हणाला, "उसकू नहलाके मंडप में बिठाई ये!"

मला हसू आलं नाही. आदल्या दिवशी मीच माझ्या कीबोर्डच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलं होतं. गावाकडं आमचे वडील विहिरीच्या मोटारीच्या स्टार्टरला हळद लावून हात जोडतात. ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातून एकदा नमस्कार करायचा, हे माझ्यातही तितकंच मुरलेलं आहे. मावशीनं पेन ड्राइव्हला हत्यार मानलं, यात तिचं काय चुकलं? हत्याराला तोंड असतं आणि त्या तोंडात काही जाऊ द्यायचं नसतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

खालच्या मेडिकलमधून स्पिरिट आणलं, जुना टूथब्रश घेतला. तांदूळ हळूच काढला. पिवळं पाणी निघत राहिलं. टेबलफॅनसमोर धरून वाळवलं. मावशी शेजारी उभी, पदराचं टोक दातात. मग मी तो लावला.

पडद्यावर काही दिसणार नव्हतंच. मी टर्मिनल उघडलं, म्हणजे तो काळा पडदा, ज्याच्यावर मशिन स्वतःशी काय बोलतंय ते वाचता येतं. तिथं ओळी पडायला लागल्या. वस्तू आली. वस्तू ओळखता येत नाही. वस्तू गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली.

"काय म्हणतंय?" मावशी.

"दारात येतोय आणि परत जातोय."

काढला, पुन्हा घासला, पुन्हा लावला. या खेपेला ओळ पुढं सरकली. मशिननं त्याला नाव दिलं, एसडीबी.

"आला," मी म्हणाले.

"मग उघड की!"

"उघडायचं नाही, मावशी. बसा."

हे तिला समजावणं भाग होतं, नाहीतर ती मला एक क्षण काम करू देणार नव्हती. मी म्हणाले, "पाव्हणा दारात आला म्हणजे घरात आला असं नसतं. आपण पाणी देऊन आत घेतल्यावर तो घरात येतो. मशिनचंही तसंच. लावलं म्हणजे दारात. माउंट केलं म्हणजे आत. हा पाव्हणा आजारी आहे. आत घेतला तर चार ठिकाणी फिरवतील, बोलायला लावतील, त्यातच मरायचा. म्हणून त्याला दारातच ठेवायचा आणि त्याच्याजवळ जे आहे ते गुपचूप उतरवून घ्यायचं."

"आणि जायच्या वेळी?"

"जायच्या वेळी विचारायचं. ताटावरनं हात धरून कुणी पाव्हण्याला उठवतं का?"

तिला ते पटलं. ती स्टुलावर बसली.

पेन ड्राइव्हवरचं सगळं पहिल्या ठिपक्यापासून शेवटपर्यंत जसंच्या तसं एका फाईलमध्ये उचलून घेणारी आज्ञा असते. वाचता येत नाही तिथं ती अडून बसत नाही, तेवढं सोडून पुढं जाते आणि मागून परत येऊन बघते. ती सुरू केली. आकडा चढायला लागला. मध्येच थांबायचा, मग पुन्हा चढायचा. चाचा जिन्यात फेऱ्या घालत होता.

जिन्यात दुसऱ्या चपला वाजल्या. मालक.

हातात झेंडूचा हार, कपाळाला टिळा. "मॅडम, आज पण? सुट्टी घ्या म्हटलं तर ऐकत न्हाई." मग त्यांना मावशी दिसली. "अरे, मावशी! काय काढलं?"

मावशीनं पदराचं टोक पुन्हा दातात धरलं. तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला अजून आठवतो. तू आता कुणाची आहेस, असं ती विचारत होती.

"पेन ड्राइव्ह खराब झालाय त्यांचा," मी म्हणाले. "बघतेय."

मालक माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. त्यांच्या हारातल्या झेंडूचा वास आला. पडद्यावर काळ्यावर पांढरे आकडे, बाकी काही नाही.

"काय हाय त्याच्यात? तेच का उन्हाळ्यातलं? दाखवा की."

"दाखवायला काही नाही मालक. उघडलंच नाही अजून."

"मग उघडा."

"आत्ता उघडलं तर जाईल ते."

ते वाकून आकडे वाचायला लागले. लोकांच्या घरच्यासारखं मशिन असतं, तर लावल्या लावल्या चिंचेचा पाला पडद्यावर पसरला असता. इथं तो त्यांच्या नाकासमोरून जात होता आणि त्यांना दिसत नव्हता. मी एका शब्दानं खोटं बोलले नव्हते.

"तुमचं ते काळं भूत तुम्हालाच लखलाभ," म्हणत त्यांनी हार माझ्या मॉनिटरला घातला. "संध्याकाळी येतो परत. पूजा करून सोनं वाटायचंय." आणि खाली गेले.

मावशीनं तोंडातला पदर सोडला.

चाचा आत डोकावला. "बाई, मेरेकू जाना है. ये जब तक होरा, तब तक दूसरी पेन ड्राइव्ह तो तयार करो."

बरोबर बोलत होता तो. लूमचं पॅनेल जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेलाच पेन ड्राइव्ह वाचतं. मी ऑफिसच्या कपाटातला नवा काढला आणि दुसऱ्या खाचेत लावला. ही आज्ञा हाताला इतकी बसलेली की बघावं लागत नाही. ऑफिसात पहिला लावलेला एसडीबी, म्हणजे बी असतो, दुसरा सी. वर जाणाऱ्या बाणाचं बटण दाबलं, परवाचीच ओळ आली: सी पुसून कोरा करा. बोट एंटरवर गेलं.

आणि तिथंच थांबलं, कारण शेजारचा आकडा थांबला होता.

मशिनमध्ये काय काय लावलंय ते दाखवणारी यादी मी मागवली. बी समोर मोठा आकार होता, नव्या पेन ड्राइव्हचा. सी समोर छोटा. छोटा मावशीचा होता. मी कपाटात नवा शोधत होते तेवढ्यात आजाऱ्याची शुद्ध हरपली होती, तो बाहेर जाऊन परत आला होता, आणि परत येताना त्याला वेगळं नाव मिळालं होतं. रिकामं झालेलं जुनं नाव नव्याला मिळालं होतं.

आत घेतलेल्या पाव्हण्याला मशिन पुसू देत नाही, तक्रार करतं. पण दारात उभ्या असलेल्याच्या बाबतीत ते काही विचारत नाही. मी एंटर दाबलं असतं तर त्यानं मुकाट्यानं चिंचेचा पाला पुसला असता, आणि उचलून झालेलं तर अर्धंच होतं.

"काय झालं?" मावशीनं विचारलं. "दाबत का नाहीस?"

"काही नाही. नाव बदललंय, परत लिहिते."

ती ओळ अक्षर-अक्षर खोडली. नवी लिहिली, दोनदा वाचली, मावशीला आकार मोठ्यानं वाचून दाखवला आणि मग दाबली. मग आजाऱ्याला नव्या नावानं हाक मारून उचलायचं काम जिथं तुटलं होतं तिथून पुढं चालू केलं.

शेवटी एवढासा भाग राहिला, तो काही केल्या वाचता येईना. मी तो सोडला. आता उचललेली प्रत आत घेतली, फक्त वाचण्यापुरती, आणि फाईल उघडली. चिंचेचा पाला आला. मध्यावर मात्र, वाऱ्यानं पानं विस्कटतात तिथं, तीन ओळी कोऱ्या होत्या. पांढरी पट्टी, केसाएवढी.

मावशीनं त्या पट्टीवर बोट ठेवलं. "चिरलंय."

"वरच्या आणि खालच्या ओळी बघून भरते."

"भर."

मी भरलं. तिनं जसं काढून घेतलं असतं तसं ते नव्हतं. पण वेळ नव्हता, आणि तिनंही तो मागितला नाही. फाईल नव्या पेन ड्राइव्हवर घातली. चाचानं हात पुढं केला.

"थांब," मावशी म्हणाली, पण त्याला नाही, मला. "आधी मशिनीतलं पूस."

"लूमवर चालू झालं की येऊन पुसते. तुमचा जुना आता पुन्हा वाचता येईल असं नाही. हा एकच नवा आहे. लूमवर काही झालं तर?"

"संध्याकाळी मालक येणार."

"मावशी—"

"मी हितनं हलणार नाही अम्मा. चादर नाही झाली तरी चालंल."

ते ती चिडून म्हणाली नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटली. चाचानं घड्याळाकडं बघितलं आणि खाली जाऊन स्कूटर चालू केली. तिचा आवाज वर येत होता.

मी पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्याला माझा स्वतःचा एक पेन ड्राइव्ह अडकवलेला असतो. त्यात माझ्या मार्कशीटा आहेत, पदवीचं प्रमाणपत्र आहे, पदवीदानाच्या दिवशी फेटा बांधून उभ्या असलेल्या वडिलांचा फोटो आहे. ऑफिसच्या मशिनला तो मी कधीच लावला नव्हता.

"हा माझा," मी म्हणाले. "मालकांचा नाही, ऑफिसचा नाही. यात एक प्रत ठेवू? मग मशिनमधलं आत्ता, तुमच्यासमोर पुसते."

तिनं जुडगा हातात घेतला, उलटा केला, माझ्या खोलीची किल्ली, गावच्या घराची किल्ली चाचपली. खाली स्कूटरचा हॉर्न वाजला.

"तुझ्यात ठेव," ती म्हणाली.

ठेवलं. लिहून झालं असं मशिननं दाखवल्यावरही थांबले, कारण दिसतं तेव्हा सगळं उतरलेलं असतंच असं नाही. तिन्ही पेन ड्राइव्हना निरोप दिला, मग काढले. मशिनमधली फाईल आणि उचललेली प्रत दोन्ही मुळापासून पुसली. मावशी वाकून बघत होती. तिला काय दिसलं कोण जाणे, पण तिनं मान हलवली आणि उठली.

स्कूटरवर चाचा पुढं, मागं मावशी, आणि मी रिक्षात. कारखान्यात दारांना झेंडूची तोरणं, लूमच्या चौकटींना हळदीकुंकवाची बोटं, आणि इतकी शांतता की आमच्या चपलांचा आवाज येत होता. उभे धागे चाचानं सकाळीच लावून ठेवले होते. पेन ड्राइव्ह पॅनेलला लावला. फाईल किती चढली ते दाखवणारी पट्टी हळूहळू भरायला लागली. अर्ध्यावर थांबली. मग पुन्हा सरकली, भरली. चाचानं सवयीनं पेन ड्राइव्ह उपटायला हात घातला, आणि मावशीनं त्याचं मनगट धरलं.

"जेवू दे त्याला! ताटावरनं उठवताय होय?"

चाचानं माझ्याकडं बघितलं. "क्या बोलरी ये?"

"बराबर बोलरी," मी म्हणाले. पॅनेलवरचा दिवा स्थिर झाला, मग मावशीनं स्वतःच्या हातानं तो काढला आणि कनवटीला बांधला.

लूम सुरू झाला. त्या बंद शेडमध्ये एका लूमचा आवाज भिंतींवर आदळून दुप्पट होत होता. पहिली वीत नुसती काठाची. मग दाट पानं, गडद हिरवी, एकात एक. मावशीनंच भरलेल्या कांड्या होत्या त्या. मध्य आला तशी पानं सुटी होत गेली, आणि मी त्या तीन ओळींची वाट बघायला लागले. आल्या आणि गुंडाळीवर गेल्यासुद्धा. मला शोधूनही सापडल्या नाहीत.

मावशीनं वाकून चालत्या कापडावर बोट ठेवलं आणि कापडाबरोबर ते थोडं पुढं जाऊ दिलं.

"हितं," ती मोठ्यानं म्हणाली, आवाजावर आवाज चढवून. "हितलं पान तुझं हाय."

चाचा टेंभुर्णीला जायला उशीर करून लूमजवळच उभा होता.